छपाईच्या शाईतला निळा रंग आणि प्लॅटिनमची मक्तेदारी

१/ मार्च १९६४. 'नेचर' या विख्यात नियतकालिकात दोन पानांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. लेखक एकच, रेमंड जसिन्स्की. पत्ता डॅलस येथील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा. छापखान्यातील शाईत आणि भिंतींच्या रंगात वापरल्या जाणाऱ्या निळ्या रंगद्रव्याचा एक सख्खा भाऊबंद इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, प्लॅटिनमच्या जागी काम करू शकतो, असा त्या टिपणाचा दावा होता. 🧵

२/ सोन्याच्या पंक्तीत बसणाऱ्या धातूला शाईतल्या रंगाने आव्हान द्यावे, हे तेव्हाही विलक्षण वाटले असणार. त्या दोन पानांतून सुरू झालेला शोध साठ वर्षे उलटूनही पूर्ण झालेला नाही. त्याची हकिकत या धाग्यात. मात्र ती समजण्यासाठी आधी सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

३/ इंधनघटाची कल्पना १८३९ सालची. विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह हे वेल्समधील स्वॉन्झीचे. पेशाने वकील, पुढे न्यायाधीश, आणि आवडीने पदार्थवैज्ञानिक. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात हे तेव्हा ठाऊक होते. ग्रोव्ह यांनी प्रश्न उलटा केला: हे दोन वायू पुन्हा एकत्र आणले तर वीज परत मिळेल का? त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे क्रिश्टियान शोनबाइन यांनाही हाच परिणाम आढळला होता.

४/ सौम्य गंधकाम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून, एकीवर हायड्रोजन आणि दुसरीवर ऑक्सिजन ठेवला की तारेतून प्रवाह वाहतो, असे ग्रोव्ह यांना दिसले. १८४२ साली त्यांनी अशा घटांची माळ जोडली आणि तिच्या विजेने दुसऱ्या भांड्यातील पाण्याचे विघटन करून दाखविले. पाणी तयार होताना मिळालेल्या विजेने पाणी फोडायचे! एकोणिसाव्या शतकातील प्रयोगांत इतका मिस्कील प्रयोग क्वचितच सापडेल.

५/ पण या पहिल्याच प्रयोगात प्लॅटिनम होते, आणि ते पुढे इंधनघटाला चिकटूनच राहिले. याचे कारण ऑक्सिजनच्या स्वभावात आहे.

६/ हायड्रोजनची बाजू सोपी असते. त्याचा रेणू प्लॅटिनमवर सहज फुटतो आणि इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. ऑक्सिजन मात्र हट्टी. त्याचे दोन अणू दुहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडून पाणी बनवायचे तर चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन नेमक्या क्रमाने पोहोचवावे लागतात. या क्रियेला ऑक्सिजनचे क्षपण म्हणतात. एका घटातून सिद्धान्ततः १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्ष काम करताना हाती येतात ०.६ ते ०.७. या तुटीचा सर्वांत मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूचा असतो.

७/ शिवाय ऑक्सिजनला एक आडवाटही आहे. चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन घेऊन तो मध्येच थांबतो आणि पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. वीज निम्मी मिळते, आणि वर हे पेरॉक्साइड घटातील पडदा व उत्प्रेरक दोन्ही कुरतडू लागते. म्हणून चांगल्या उत्प्रेरकाने दोन कसोट्यांना उतरले पाहिजे: क्रिया जलद करायची, आणि ऑक्सिजनला अर्ध्या वाटेवर सोडायचे नाही. आम्लात या दोन्ही गोष्टी प्लॅटिनमइतक्या सहज करणारा दुसरा साधा धातू सापडला नाही.

८/ प्लॅटिनम टाळण्याचा पहिला मोठा यशस्वी प्रयत्न इंग्लंडच्या फ्रान्सिस थॉमस बेकन यांचा. त्यांनी आम्ल सोडून तीव्र पोटॅश घेतले, दाब आणि तापमान वाढविले आणि साध्या निकेलवर काम भागविले. १९५९ साली त्यांनी केंब्रिज येथे ५ किलोवॅटचा संच चालवून दाखविला. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील इंधनघट त्याच घराण्यातले. पण अल्कलीला हवेतील कार्बन डायऑक्साइड चालत नाही. त्यामुळे शुद्ध ऑक्सिजन लागतो. यानात ते जमते, रस्त्यावर जमणे कठीण.

९/ दुसरीकडे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थॉमस ग्रब आणि लिओनार्ड नीड्राक यांनी द्रवाऐवजी प्लास्टिकसारख्या आम्लधर्मी पडद्याचा घट घडविला. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी ५ यानातून तो अवकाशात गेला. आजच्या हायड्रोजन मोटारी आणि बस याच पडद्याच्या घराण्यातल्या आहेत. या घटाची अट एकच होती, पण जबर: आत आम्ल, म्हणून उत्प्रेरक प्लॅटिनमच.

१०/ प्लॅटिनम दुर्मीळ, महाग, आणि त्याच्या खाणीतील उत्पादनापैकी दोन तृतीयांशांहून अधिक एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. अवकाशयानाचा खर्च सरकार सोसते. लाखो मोटारींचा कोण सोसणार? ही तंत्रज्ञानाइतकीच अर्थकारणाची अडचण होती, आणि आहे.

११/ गंमत अशी की हीच क्रिया प्रत्येक प्राण्याच्या शरीरात अहोरात्र चालू असते आणि तिथे प्लॅटिनमचा कणही नसतो. श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचे पेशींत पाणी होते. हे काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, लोहावर चालते हे जर्मनीच्या ओट्टो वारबुर्ग यांनी दाखविले आणि १९३१ सालचे नोबेल पारितोषिक मिळविले. ते लोह असते हीममध्ये: चार नायट्रोजन अणूंच्या चौकटीच्या मध्यभागी बसविलेला लोहाचा एक अणू. रक्ताच्या लाल रंगामागेही हीच चौकट आहे.

१२/ आता स्कॉटलंडकडे वळू. १९२८ साल, ग्रेंजमाउथ येथील स्कॉटिश डाइज कंपनीचा कारखाना. तिथे थॅलिमाइड नावाचे पांढरे रसायन तयार होत असे. एका लोखंडी भांड्याच्या आतील काचेसारख्या मुलाम्याला तडा गेला, रसायनाचा लोखंडाशी संपर्क आला आणि पांढऱ्या मालात निळसर-हिरव्या रंगाचा डाग उतरला. सामान्यतः असा माल नासका म्हणून टाकून दिला जातो. तिथल्या रसायनज्ञांनी तो डाग जपून ठेवला.

१३/ हा पदार्थ त्यापूर्वीही दोनदा माणसांसमोर येऊन गेला होता. १९०७ मध्ये लंडनला ब्राउन आणि चेर्नियाक यांना तो एका प्रयोगाचे अवशिष्ट म्हणून मिळाला. १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथे दीसबाख आणि फॉन डेर वाइड यांना त्याचे तांबेयुक्त रूप मिळाले. दोन्ही वेळा त्याचा अर्थ कुणाला उमगला नाही. ज्ञानाच्या इतिहासात पहिले दर्शन आणि पहिली ओळख यांत पुष्कळदा असे अंतर पडते.

१४/ ओळख पटविली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील रेजिनाल्ड पॅट्रिक लिन्स्टेड यांनी. १९३४ साली त्यांच्या गटाने या पदार्थाची रचना मांडली. त्याला थॅलोसायनिन हे नाव त्यांनीच दिले. पाठोपाठ जे. मॉन्टीथ रॉबर्टसन यांनी क्ष-किरणांनी त्या रचनेवर शिक्कामोर्तब केले. चित्र पाहून जीवशास्त्राचा विद्यार्थीही थबकला असता: चार नायट्रोजनांची चौकट, मध्ये धातूचा एक अणू. हीमचीच जणू कारखान्यात जन्मलेली बहीण.

१५/ तांबेयुक्त थॅलोसायनिन 'मोनास्ट्रल ब्लू' या नावाने १९३५ मध्ये बाजारात आले आणि रंगांच्या दुनियेत राज्य करू लागले. ऊन, अल्कली, आम्ल, कशानेही ते सहसा उडत नाही. तीव्र गंधकाम्लात विरघळवून पुन्हा पाण्यात टाकले तर जसेच्या तसे परत मिळते. ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापविले तरी विघटन न होता त्याची वाफ होऊ शकते. आजही रंगीत छपाईतील निळा म्हणजे बहुधा हाच.

१६/ जसिन्स्की यांच्या टिपणाचे मर्म आता ध्यानात येईल. शरीरात ऑक्सिजन हाताळणाऱ्या चौकटीसारखीच चौकट, आणि तीही जवळजवळ अविनाशी! त्यांनी मध्यभागी कोबाल्ट असलेले थॅलोसायनिन अल्कली घटाच्या ऑक्सिजनकडील अग्रावर वापरले आणि क्रिया चालली. प्लॅटिनमची बरोबरी झाली नव्हती. पण धातूच्या घन पृष्ठभागाविना, रेणूत एकेकटा बसलेला अणूही हे काम करू शकतो, हे सिद्ध झाले. पुढच्या साऱ्या संशोधनाची मुहूर्तमेढ ती हीच.

१७/ त्यानंतर पंधरा वर्षे रंगद्रव्यांची झडती सुरू झाली. फ्रांकफुर्टची बाटेल संस्था, बॉश कंपनीची संशोधनशाळा, मॉस्कोतील इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची संस्था. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंना हाच ध्यास. मध्यभागी कधी तांबे, कधी निकेल, कधी लोह घालून पाहिले गेले. लोह आणि कोबाल्ट सरस ठरले. शाईतले तांबे इथे जवळजवळ निरुपयोगी.

१८/ आणि मग पेच उभा राहिला. लोहाचा रेणू ऑक्सिजनला पाण्यापर्यंत नेतो, पण लवकर मोडतो. कोबाल्टचा रेणू त्याहून टिकतो, पण ऑक्सिजनला बहुधा पेरॉक्साइडवरच सोडून देतो. शिवाय जसिन्स्की यांचे यश अल्कलीतले. आम्लधर्मी पडद्याच्या घटात दोघांचीही दुर्दशा होई. उन्हापावसात वर्षानुवर्षे न उडणारा रंग इथे थोड्याच काळात निकामी होत असे. भिंतीवरचे टिकाऊपण वेगळे आणि आम्ल, ऑक्सिजन, पेरॉक्साइड व विद्युत्-दाब यांच्या एकत्रित माऱ्यातले टिकाऊपण वेगळे.

१९/ अमेरिकेत काही रसायनज्ञांनी निसर्गाची नक्कल अधिक निष्ठेने करून पाहिली. स्टॅनफर्डचे जेम्स कोलमन आणि कॅलटेकचे फ्रेड अ‍ॅन्सन यांच्या गटांनी कोबाल्टच्या दोन पॉर्फिरिन चौकटी समोरासमोर बांधल्या, जेणेकरून ऑक्सिजनचा रेणू दोन कोबाल्टांच्या मधोमध सापडावा. अंतर नेमके साधले तेव्हा ऑक्सिजन मुख्यतः चार इलेक्ट्रॉन घेऊन थेट पाणी झाला. १९८० चा हा निबंध रसायनशास्त्रातील सुंदर कामगिरींपैकी एक. पण असा रेणू बनविणे अतोनात किचकट, आणि तोही फार काळ टिकेना. घड्याळजीचे काम कारखान्यात कसे चालायचे?

२०/ वाट निघाली ती भलतीकडूनच. बॉशच्या यानके, शोनबॉर्न आणि त्झिमरमान यांनी १९७६ साली एक दीर्घ आढावा प्रसिद्ध केला. विषय, इंधनघटातील सेंद्रिय रंगद्रव्ये. त्यातील सर्वांत चक्रावणारी नोंद अशी: रंगद्रव्य कार्बनच्या भुकटीवर बसवून, ऑक्सिजनरहित वायूत कित्येक शे अंशांपर्यंत भाजले, तर उत्प्रेरक अधिक जोमाने चालतो आणि अधिक टिकतोही.

२१/ या नोंदीचा अर्थ धक्कादायक होता. इतक्या तापमानाला रेणू शाबूत राहतच नाही. म्हणजे लिन्स्टेड यांनी जिची रचना मांडली आणि रॉबर्टसन यांनी जिचे अणू मोजले, ती सुबक चौकट जाळून टाकल्यावर काम सुधारते! मग काम नेमके करते कोण? चार नायट्रोजनांची चौकट कार्बनमध्ये रुजून राहते, असे एक मत. धातूचे सूक्ष्म कण सुटे होऊन काम करतात, असे दुसरे. धातू फक्त भाजताना मदत करतो आणि खरे काम नायट्रोजनयुक्त कार्बनच करतो, असेही एक मत. वाद तीस वर्षांहून अधिक चालला आणि तिन्ही पक्षांकडे पुरावे होते.

२२/ १९८९ मध्ये क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात अर्नेस्ट येगर यांच्या गटाने या वादाला वेगळेच वळण दिले. त्यांनी रंगद्रव्य घेतलेच नाही. कृत्रिम धाग्यांसाठी वापरले जाणारे नायट्रोजनयुक्त पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल, लोह वा कोबाल्टचे साधे क्षार आणि कार्बन. हे सारे मिसळून भाजले. उत्प्रेरक तयार! धातू, नायट्रोजन आणि कार्बन एवढी शिधासामग्री पुरे, महागडा रेणू विकत घ्यायची गरज नाही. जसिन्स्की यांचा निळा रंग इथे रंगमंचावरून जवळजवळ बाहेर पडला.

२३/ तरीही प्लॅटिनम हटले नाही, आणि याचे एक कारण इतिहास सांगताना हमखास विसरले जाते. प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसलेला नव्हता. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत प्लॅटिनम सूक्ष्म कणांच्या रूपात कार्बनवर पसरून अग्र बनविण्याची पद्धत सुधारली गेली आणि दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅम लागणारे प्लॅटिनम ०.४ मिलिग्रॅमवर आले. गाठायचा डोंगर आपल्यासोबत पुढे सरकत होता.

२४/ खरी चुरस सुरू झाली २००९ मध्ये. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जाँ-पोल दोदले यांच्या गटाने कार्बनच्या अतिसूक्ष्म छिद्रांत लोह आणि नायट्रोजनयुक्त द्रव्य दाबून भरले व भाजले. निकाल 'सायन्स' मध्ये आला: ०.८ व्होल्टला दर घन सेंटिमीटरमागे ९९ अ‍ॅम्पियर. अमेरिकी ऊर्जा विभागाचे २०१० साठीचे लक्ष्य १३० होते. पंचेचाळीस वर्षांत इतक्या जवळ कुणी पोहोचले नव्हते. पण तो उत्प्रेरक चालता चालता ढासळे. १०० तासांत त्याची शक्ती निम्म्याच्या आसपास घसरे.

२५/ दोन वर्षांनी लॉस अलामोसच्या पिओत्र झेलेनाय यांच्या गटाने पॉलिअ‍ॅनिलिन, लोह आणि कोबाल्ट यांपासून बनविलेला उत्प्रेरक ०.४ व्होल्टला ७०० तास चालविला. एकाकडे वेग, दुसऱ्याकडे टिकाव. दोन्ही एकाच पदार्थात मिळेनात. मोटारीच्या इंधनघटाने ५,००० तास टिकावे अशी अपेक्षा असते, हे लक्षात घेतले तर ७०० तासांचे मोल आणि मर्यादा दोन्ही कळतात.

२६/ जुन्या वादाचा निकाल मात्र याच काळात लागू लागला. २०१५ मध्ये फ्रान्सच्या मोंपेलिए येथील फ्रेडेरिक जाऊँ आणि सहकाऱ्यांनी धातूचे कण जवळजवळ नसलेला लोह-उत्प्रेरक बनवून क्ष-किरणांनी तपासला. लोहाचे अणू एकेकटे, चार नायट्रोजनांच्या मध्ये, पॉर्फिरिनसारख्या मांडणीत बसलेले आढळले. २०१७ मध्ये लॉस अलामोस आणि ओक रिजच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून असा एकटा लोह अणू नायट्रोजनच्या शेजारी थेट पाहिला. रेणू जळतो, पण भाजलेल्या कार्बनच्या जाळीत तीच चौकट पुन्हा उभी राहते. श्वासाच्या विकरात आहे तीच, ग्रेंजमाउथच्या त्या डागात होती तीच.

२७/ त्याच वर्षी कॅनडाच्या बॅलार्ड कंपनीने जपानच्या निशिनबोसह असा प्लॅटिनमेतर उत्प्रेरक ऑक्सिजनच्या बाजूला वापरणारा इंधनघट संच बाजारात आणण्याची घोषणा केली. प्लॅटिनमचा वापर त्यात ८० टक्क्यांहून अधिक घटला होता. संच होता ३० वॅटचा. एखादा छोटा दिवा वा यंत्र चालविण्याजोगा. मोटारी आणि बस यांच्या इंधनघटांत आजही प्लॅटिनमच आहे.

२८/ अडथळा कुठे आहे? आम्लात लोहाचा अणू आपली चौकट सोडून बाहेर पडतो. सुटलेले लोह पेरॉक्साइडशी भिडते आणि त्यातून निर्माण होणारे अतिक्रियाशील तुकडे पडद्यावर व उरलेल्या चौकटींवर तुटून पडतात. आपलेच अपत्य आपल्या घरावर उठावे, तसा हा प्रकार. शरीरातही अशी झीज होते. पण तिथे पेशी जुनी विकरे मोडून नवी घडवीत राहते. इंधनघटाला ही सोय नाही.

२९/ भारतात या क्षेत्राचे एक महत्त्वाचे केंद्र पुणे आहे. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधनघटांवर आणि प्लॅटिनमविरहित उत्प्रेरकांवर काम चालते. ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली देशी इंधनघटावरची बस पुण्यातच सादर झाली.

३०/ गेल्या काही वर्षांत अनेक संशोधकांनी आम्लाशी झुंजणे बाजूला ठेवून घटातील पडदाच बदलायला घेतला आहे. हा नवा पडदा अल्कलीधर्मी असतो. द्रव पोटॅश नसल्याने बेकन यांच्या घटाला भोवणारी कार्बन डायऑक्साइडची अडचण बरीच सौम्य होते, जरी ती पूर्ण मिटलेली नाही. आणि अल्कलीत लोह-नायट्रोजन-कार्बनचे उत्प्रेरक प्लॅटिनमच्या बरोबरीने, क्वचित त्याहून सरस चालतात. १९६४ च्या त्या दोन पानांतील कोबाल्टचा रेणू ज्या माध्यमात पहिल्यांदा चालला होता, ते माध्यमही अल्कलीच होते.